पेन्सिलीनं लिहिलेलं कॅलेंडर

चि. पोरी,

पोलिस शिपाई भरतीच्या यादीत तुझं नाव लागलं, हे तुझ्या बापानं फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चौथीत पास झाल्यासारखा होता. गावात सत्कार झाला म्हणे, भाषणात तुकाराम ओंबळे यांचं नाव निघालं. निघायलाच हवं. केडंबे आपल्याच सातारा जिल्ह्यातलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबला धरून ठेवलं, त्यातच जीव गेला. पुढच्या वर्षी अशोकचक्र जाहीर झालं. सत्कारातल्या भाषणाला ती एक रात्र पुरते. तू मात्र बाकीच्या रात्रींचं विचारलंस, घरचं कसं निभतं म्हणून.

आमचं सांगतो. मुंबईत नायगावला बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली. रात्रपाळी करून मी दिवसा झोपलो की तेवढा वेळ दोन्ही पोरं बाहेर व्हरांड्यात. पाढेसुद्धा कुजबुजत म्हणायची. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर तुझी काकू पेन्सिलीनं लिहायची. 'दि' म्हणजे दिवसपाळी, 'रा' म्हणजे रात्रपाळी, 'बं' म्हणजे बंदोबस्त. पेन्सिल अशासाठी, की खोडावं लागायचं. एका सप्टेंबरात सुट्टीचा 'सु' खोडून खोडून कागदाला भोक पडलं. त्याच महिन्यात अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तर पाय सुजून बूट निघेना. थोरल्यानं दोन्ही हातांनी ओढून काढला आणि स्वतःच मागं पडला.

एवढं सगळं घर माझ्या ड्युटीभोवती फिरत होतं आणि मी त्यांना खरं सांगत नव्हतो. 'आलोच तासाभरात' म्हणायचो. तासाभरात येणं होणार नाही, हे म्हणतानाच माहीत असायचं. काकू ताट झाकून बसायची. थोरला सात वर्षांचा असेल, एकदा तिला म्हणाला, "बाबांचा तास मोठा असतो." आम्ही हसलो तेव्हा.

तुला प्रशिक्षणात १९५१ चा पोलिस कायदा शिकवतील. त्याचं २८ वं कलम पोलिसाला सदैव कर्तव्यावर असल्याचं मानतं. महिला अंमलदारांना बाराऐवजी आठ तासांची ड्युटी द्यायचा आदेश २०२२ मध्ये निघाला, फार चांगलं झालं. पण सण आला, मोर्चा निघाला, माणसं कमी पडली, की ठाणे अंमलदार हजेरी घेऊन परत उभं करतो. म्हणून घरी आठ तासांचा हिशेब सांगू नकोस. 'कधी येईन माहीत नाही, जेवून घ्या' एवढंच सांग. तोंडातून निघताना जड जातं, पण घरातली माणसं वेळेवर जेवतात.

आता नातेवाईक. जप्त झालेली गाडी सोडव, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन लवकर कर, बांधाच्या भांडणात समोरच्याला जरा दम दे, असे फोन येणारच. पहिला बहुतेक सख्ख्या मामाचा असेल. त्यालाच नाही म्हण. मी माझ्या मामासाठी एकदा शब्द टाकला. काम किरकोळ होतं, झालंही. पुढं वीस वर्षं ज्याला ज्याला नाही म्हटलं, त्यानं 'मामाचं बरं केलंस' हे ऐकवलं. त्यातले दोघे अजून लग्नाची पत्रिका पाठवत नाहीत. (काकूच्या मते आहेराचे पैसे वाचले.)

कॅलेंडर तूच लिही. आईवर सोपवू नकोस, तिला तुझ्या तोंडाकडं बघून अंदाज बांधत बसावं लागेल. आणि नेमणूक मिळाली की ठाण्याचा लँडलाईन नंबर मोठ्या अक्षरात लिहून बापाकडं दे, दाराच्या मागं चिकटवायला सांग. बंदोबस्तात मोबाईल उचलता येत नाही आणि तो चष्मा कुठं ठेवतो ते मला माहीत आहे.

तुझा काका