शिंपल्याच्या टाक्याचा चौकोन तिरका का होतो?

पांघरुणासाठी क्रोशाने विणलेला शिंपल्यांचा (एकाच जागी पाच उंच टाके घालून होणाऱ्या पंख्यांचा) चौकोन कडेला आत-बाहेर होतो, अशी आपली अडचण आहे. बहुतेक वेळा चूक ओळीच्या टोकाला अर्धा शिंपला न घातल्याने होते.

चार शिंपल्यांसाठी २६ साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब (सुईवर वेढा न घेता विणलेला आखूड टाका), मग दोन साखळ्या सोडून तिसरीत पाच खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके), पुन्हा दोन सोडून तिसरीत मुका खांब, असे शेवटपर्यंत विणावे. दुसऱ्या ओळीत तीन साखळ्यांनी वर चढून पहिल्याच मुक्या खांबात आणखी दोन खांब घालावेत. हाच तो अर्धा शिंपला. पुढे प्रत्येक शिंपल्याच्या मधल्या खांबावर मुका खांब, मुक्या खांबावर पाच खांब, आणि शेवटच्या मुक्या खांबात तीन खांब यावेत. तिसरी ओळ एका साखळीने आणि कडेवरच्या मुक्या खांबाने सुरू करून तशाच मुक्या खांबाने संपवावी. यापुढे याच दोन ओळी आलटून पालटून येतात. मुका खांब केवळ मागच्या धाग्यातून घेतल्यास पुढे बारीक वळ उमटतो व पोत फार देखणा दिसतो.

उंची रुंदीइतकी झाली का, हे चौकोन कर्णावर दुमडून पाहावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लोकरीपेक्षा सुती दोराच मला योग्य वाटतो. सूत धुतल्यावर आटते, म्हणून जोडण्यापूर्वी सर्व चौकोन भिजवून, घडी घातलेल्या सोलापुरी चादरीवर टाचण्यांनी ताणून वाळवावेत.