ग्लोबल हेल्थचं युनिट जिनिव्हापासून सुरू करू नकोस

अगं, नर्सिंगच्या वर्गासाठी केलेली तुझी ग्लोबल हेल्थची पीपीटी बघितली. ४२ स्लाइड्स, आणि पहिल्याच स्लाइडवर डब्ल्यूएचओची स्थापना १९४८, मुख्यालय जिनिव्हा. मी पण पहिल्या वर्षी हेच केलेलं, पोरांनी घोकून लिहिलंही आणि पुढच्या आठवड्यात पोस्टिंगला एकीने विचारलं, मॅडम ते जिनिव्हाचं परीक्षेपुरतंच ना? चूक माझीच होती.

तू उलटं कर, एकच औषध घे. मी टीबीचं घेते, जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे त्यामुळे पेशंट पोरांनी बघितलेले असतात. एमडीआरवाल्यांना, म्हणजे ज्यांचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही त्यांना, पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शनं सहा-सहा महिने, कधी जास्तही, टोचायचो आणि काहींचे कान कायमचे जायचे. हे आधी कळायचं कोणाला, तर रोज टोचणाऱ्या सिस्टरला! पेशंट म्हणायचा कानात शिट्टी वाजते, सारखा ‘काय? काय?’ करायचा, आणि आपण म्हणायचो वीकनेस आहे, होईल बरं. वर्गात हे करून घे. एकीच्या कानात कापसाचे बोळे, दुसरी मास्क लावून तिला गोळ्या समजावतेय. आधी हसतात, मग गप्प होतात. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत हे त्यांचं त्यांना कळू दे, तू सांगू नकोस.

मग नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले यांच्याबद्दल सांग, एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली, दोघींचं ऐकणं टीबीच्या औषधांनीच गेलं. त्या इंजेक्शनांऐवजी देता येणारी बेडाक्विलिन ही एमडीआरची गोळी अमेरिकेत २०१२ लाच मंजूर झालेली, कंपनीला आपल्याकडचं पेटंट २०२७ पर्यंत ओढायचं होतं, या दोघींनी २०१९ मध्ये आक्षेप घेतला आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. आता पोरांना विचार, आफ्रिकेतल्या मुलीला भारतातल्या पेटंटचं काय पडलंय? कोणीतरी म्हणेलच की स्वस्त जेनेरिक गोळ्या इथूनच जातात तिकडे. झालं, तिथून डब्ल्यूएचओवर ये, २०१९ च्या गाइडलाइनमध्ये त्यांनी कॅनामायसिन देऊच नका म्हटलं, आता जिनिव्हा लक्षात राहील. (बेडाक्विलिन पण साधं नाही हं, ईसीजीतलं क्यूटी हे अंतर वाढतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ईसीजीचं सांगायला विसरू नकोस.)

इबोला, झिका राहिलं तर राहू दे, पुस्तकात आहे, वाचतील. आणि कापूस आदल्या दिवशीच मागून ठेव, आपल्या स्टोअरच्या सिस्टर इंडेंटशिवाय एक बोळा देत नाहीत.