तारकर्लीतील आमच्या घरगुती निवासाचे संकेतस्थळ गुगलवर वरच्या क्रमांकावर कसे आणावे?

आपल्या प्रत्येक पानाचे शीर्षक केवळ ‘मुख्यपृष्ठ’ असेल, तर ते आधी बदलावे; ‘तारकर्ली किनाऱ्याजवळ घरगुती निवास व मालवणी जेवण’ असे, पर्यटक शोधताना जे शब्द टाइप करतात ते असलेले शीर्षक द्यावे आणि ते प्रत्येक पानाला वेगळे असावे. खोल्यांचे दर, मालवण एसटी स्थानकापासूनचा रस्ता आणि सुरमई थाळीची माहिती, बहुतेक जण करतात तशी एकाच रंगीत चित्रात न कोंबता, साध्या मजकुरात लिहावी. छायाचित्रांचा आकार कमी करून त्यांना ऑल्ट टेक्स्ट (चित्रात काय आहे हे सांगणारा, पानाच्या कोडमधील छोटा मजकूर) जोडावा. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरण्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.