मुलगी असली पुस्तकं वाचते, काढून घेऊ का?

हा प्रश्न हल्ली बरेच आईबाबा विचारतात म्हणून एक अनुभव सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

इंदिरानगरहून एक ताई नववीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला आठवडाभर रात्री झोप नव्हती, जेवताना गप्प, मधेच रडायची. ताईंचं म्हणणं असं की लायब्ररीतून नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहावरचं पुस्तक आणलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं, या वयात छान गोष्टी वाचायच्या सोडून हे जातीपातीचं कशाला डोक्यात घालायचं.

मुलीशी एकटीशी बोलले. म्हणाली, "मॅम, आम्ही दर रामनवमीला त्याच देवळात जातो. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसं घेऊन आले आणि त्यांना आत येऊ नये म्हणून देवळाचे दरवाजे बंद केले गेले, हे मला कुणीच सांगितलं नाही." तिने घरी विचारलं होतं, तेव्हा आपले लोक कुठे होते? बाबा म्हणाले, जुनं उकरू नकोस, गणिताकडे बघ. झोप उडाली ती त्या रात्रीपासून.

म्हणजे पुस्तकाने नाही हो, उत्तर न मिळाल्याने. मला हे अगदी मनापासून वाटतं की चौदा वर्षांच्या मुलांना अन्याय कळतो, आपणच त्यांना कच्चं समजतो. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, ती साधारण याच वयाची होती! मुलीला हे सांगितलं तर ती सरळ बसली, म्हणाली तो निबंध कुठे वाचायला मिळेल.

ताईंना एवढंच सांगितलं की पुस्तक काढून घेऊ नका, तुम्ही पण वाचा, आणि रात्री झोपायच्या आधी नको, संध्याकाळी दहा पानं, मग दोघींनी बोलायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. (झोप, जेवण, मैत्रिणी दोन आठवडे सुटलेल्याच राहिल्या किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलली तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरकडे या, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फ्री नंबर दिवसरात्र चालू असतो.)

पुढच्या वेळी ताई एकट्या आल्या. सासूबाई पंचवटीतल्या, म्हणजे त्या देवळाच्याच भागातल्या, त्यांना विचारलं तर बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, माझे वडील तेव्हा बघ्यांच्या गर्दीत उभे होते, एवढंच मला माहितीये. नात त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्या रात्री आजीजवळच झोपली, सकाळी उठवावं लागलं. पुस्तक आता ताईंकडे आहे, अजून चाळीस पानं राहिलीत म्हणाल्या, लायब्ररीतून मुदत वाढवून घेतलीये.