घुबडाच्या तोंडावरचा घाव

प्रश्न : माझ्या एकसष्टीला जर्मनीतल्या भाच्याने अथेन्सचं घुबडाचं चांदीचं नाणं भेट दिलं. लिलावात घेतलंय म्हणतो. सराफाच्या काट्यावर १७.१ ग्रॅम भरलं. पण घुबडाच्या तोंडावर छिन्नी मारल्यासारखा खोल घाव आहे, देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा अर्धाच उमटलाय आणि नाणं काळवंडलंय. भाचा फसला का? दंतमंजनाने घासलं तर उजळेल, असं घरचे म्हणतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ते दंतमंजन जागेवर ठेवून या. कॉलेजात असताना मी क्षत्रप राजा नहपानाचं एक नाणं असंच घासलं होतं. लख्ख झालं, पण नहपानाचं नाक गेलं. ते अजून टेबलावर ठेवलंय, शिक्षा म्हणून.

आता घाव. चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे जुनं ग्रीक चलन) हे नाणं सुमारे १७.२ ग्रॅमचं असे, म्हणजे वजनात तुमचं उतरलं. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतल्या चांदीची ही घुबडं इ.स.पू. पाचव्या शतकात पार इजिप्त, सीरियापर्यंत पोचली. तिथल्या व्यापाऱ्याला अथीना देवीशी काय देणंघेणं? त्याला चांदी हवी, तीही तोलून. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी नाणीही फिरत, म्हणून तो सरळ छिन्नी मारून आत डोकावे. भिंगातून घावाच्या तळाशी बघा. तांबूस, हिरवट काही नको. आतही बाहेरच्यासारखाच काळा थर हवा. नुसती ताजी चमक असेल तर मला पुन्हा लिहा, कारण हल्लीचे नकली नाणी पाडणारे घावसुद्धा घालून देतात.

खुद्द अथेन्समध्ये मात्र घाव खोट्यावर पडे. इ.स.पू. ३७५च्या सुमाराचा तिथला एक कायदा दगडावर कोरलेला आहे. तो दगड १९७० मध्ये अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात सापडला. बाजारात सरकारी पारखी बसे. हा पारखी गुलाम असे. नाणं खोटं निघालं की तो ते जागच्या जागी कापून टाकी आणि ते देवमातेला अर्पण होई. त्याने कामात कुचराई केली तर पन्नास फटके. आणि पारख्याने पास केलेलं नाणं नाकारणाऱ्या दुकानदाराचा त्या दिवसाचा माल जप्त! दहाचं नाणं न घेणाऱ्या आपल्या काही दुकानदारांची मला इथे हटकून आठवण होते.

तुऱ्याचं दुखणं साधं आहे. अथीनेचं डोकं खाली ऐरणीतल्या ठशात, त्यावर चांदीची चकती, वरून घुबडाचा ठसा आणि मग घण. अथीनेचा ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे तुरा बहुधा बाहेरच राही. अख्खा तुरा असलेल्या नाण्याला म्हणूनच जास्त दाम मोजतात. (आपला ‘दाम’ही या ‘द्राख्मा’चाच, ‘द्रम्म’मार्गे आलेला.) अथीनेचा डोळाही बघा : चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून. कारागिरांना जमत नव्हतं म्हणून नव्हे. परमुलखात नाणं ओळखू यावं म्हणून ही जुनी ढब त्यांनी जपली.

घावामुळे लिलावात किंमत उतरते, हे लपवत नाही. पण भाच्याला बोल लावू नका. मला स्वतःला घावाचं नाणं अधिक आवडतं.

मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकटा धरतो. आणि कुणालाही दाखवताना खाली जाड कापड अंथरा. इतकी जुनी चांदी कधीकधी आतून ठिसूळ झालेली असते. फरशीवर पडली तर दोन तुकडे.