नर्सिंगच्या संशोधनात समस्या, परिकल्पना आणि चल म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की प्रबंधासाठी 'शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर संगीताचा परिणाम' हा विषय घेतलाय, पण समस्या, परिकल्पना आणि चल या तिन्ही रकान्यांत फिरून फिरून तेच वाक्य येतंय. ते येणारच, कारण तुमच्या हातात सध्या फक्त विषय आहे. समस्या अजून सापडायची आहे.

ती शोधायला वॉर्डात जाऊ. पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाने दुसऱ्या दिवशी खोकून कफ काढावा, दीर्घ श्वास घ्यावेत, आधार घेऊन चार पावलं टाकावीत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो उशी पोटाशी धरून अंग चोरून पडलेला असतो आणि श्वास वरवर घेतो. वेदनाशामक चालू असतं, तरी उठवायला गेलं की त्याचा चेहरा आक्रसतो. जे व्हायला हवं आणि जे होतंय यात हे अंतर आहे, आणि औषधाच्या जोडीला नर्सला स्वतःहून काय करता येईल हे आपल्याला पक्कं ठाऊक नाही. ही झाली समस्या. आता ती प्रश्नात मांडा: पोटाच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी, नेहमीच्या वेदनाशामकासोबत ३० मिनिटं संगीत ऐकणाऱ्या प्रौढ रुग्णांची वेदना, फक्त वेदनाशामक मिळणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी होते का? कोणते रुग्ण, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार, हे सगळं त्यात आलं. यातलं एक जरी सुटलं तरी पुढचे दोन्ही रकाने अडतात.

चल म्हणजे रुग्णागणिक किंवा परिस्थितीनुसार बदलणारी, मोजता येणारी गोष्ट. तुमचे चल त्या प्रश्नातच आहेत. संगीत देणं किंवा न देणं तुम्ही ठरवता, म्हणून तो स्वतंत्र चल. त्यामुळे जी बदलेल असं वाटतं ती वेदना, म्हणून ती आश्रित चल. ही बिरुदं कायमची नसतात. वेदनेमुळे झोप किती मोडते असा अभ्यास काढलात तर तीच वेदना स्वतंत्र चल होते.

खरी मेहनत आहे ती चलाच्या कार्यात्मक व्याख्येत, म्हणजे तो चल नेमका कसा ओळखायचा आणि मोजायचा हे लिहिण्यात, आणि विद्यार्थी नेमकी तीच दोन ओळींत उरकतात. मीही तेच केलं होतं. माझा विषय होता सलाईनच्या सुईमुळे शिरेला येणारी सूज, म्हणजे फ्लेबायटिस. 'सुईच्या जागी लाली व सूज असणे' एवढीच व्याख्या लिहून मी कामाला लागले. एका आजींच्या मनगटावरची चिकटपट्टी हळूच सोडवली, तर खाली बोटाच्या पेराएवढा लालसर डाग. मी नोंद केली, फ्लेबायटिस आहे. पाठोपाठ माझ्या मैत्रिणीने तोच हात पाहिला आणि लिहिलं, नाही, ही पट्टीची अॅलर्जी. हात एकच, वेळ एकच, उत्तरं दोन. तोवर जमवलेल्या सगळ्या नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. मग मी व्हीआयपी स्कोअर (व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस स्कोअर) घेतला, म्हणजे सुईची जागा बघून फ्लेबायटिसला गुण द्यायची तयार मोजपट्टी. त्यात ० ते ५ अशा पायऱ्या आहेत. किंचित दुखणं किंवा किंचित लाली असेल तर १. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन असतील तर २, आणि इथे सुईची जागा बदलायची. त्यानंतर आमचे आकडे जुळू लागले.

तुमच्या अभ्यासातही 'वेदना' म्हणजे काय ते याच तपशिलाने लिहा. रुग्णाने ० ते १० मध्ये सांगितलेला आकडा, संगीताआधी एकदा आणि संपल्यावर लगेच एकदा, पडून असताना की खोकताना, हेही. संगीत कोणतं, कुणाच्या आवडीचं, हेडफोनवर की मोकळ्यावर? आणि आकडा विचारणाऱ्या नर्सला रुग्ण कोणत्या गटातला आहे हे शक्यतो कळू देऊ नका.

बाह्य चलांकडेही बघा, म्हणजे अभ्यासाचा विषय नसूनही वेदनेवर परिणाम करणाऱ्या गोष्टींकडे. एकाला वेदनाशामक २० मिनिटांपूर्वी मिळालंय, दुसऱ्याला ५ तासांपूर्वी. अशा दोघांच्या आकड्यांतला फरक संगीताचा आहे, असं कसं म्हणणार? शेवटच्या डोसची वेळ नोंदवा, किंवा सगळ्यांचं संगीत डोसनंतर ठरावीक वेळेने सुरू करा.

परिकल्पना म्हणजे त्या प्रश्नाचं तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं उत्तर, जे खोटं ठरू शकतं. यासाठी मी विद्यार्थिनींना नेहमी एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टर सेमेलवाइसची हकीकत सांगते. व्हिएन्ना जनरल हॉस्पिटलात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी जास्त. गर्दीमुळे असेल? पण गर्दी तर सुईणींच्या विभागात जास्त होती. मरणाऱ्या बाईकडे घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीच्या भीतीने? त्याचा रस्ता बदलला, घंटा थांबवली, फरक नाही. बाळंतिणीला कुशीवर निजवून पाहिलं, तरी नाही. मग शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन सेमेलवाइसचा एक सहकारी वारला, आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वरासारखेच बदल दिसले. शवविच्छेदन करून पहिल्या विभागात येणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या हातांवरूनच काहीतरी जात असावं, ही नवी परिकल्पना. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आलं. आधीच्या परिकल्पना पडल्या, कारण त्या पडू शकतील अशा मांडल्या होत्या.

'संगीताचा वेदनेशी संबंध असतो' हे वाक्य पडूच शकत नाही, म्हणून ते चालणार नाही. 'संगीत गटाचा सरासरी वेदना-गुण तुलना गटापेक्षा कमी असेल' असं लिहा. फरक कोणत्या बाजूला असेल हे सांगणारी, म्हणून ही दिशादर्शक परिकल्पना झाली. तिच्यासोबत शून्य परिकल्पना: दोन्ही गटांच्या सरासरीत फरक नसेल. संख्याशास्त्रीय चाचणी या शून्य परिकल्पनेची होते. पी मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ते ०.०५ पेक्षा कमी आलं की ती नाकारायची, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. नाकारता आली नाही, तर 'संगीताचा उपयोग नाही हे सिद्ध झालं' असं मात्र लिहू नका. १२ रुग्णांच्या अभ्यासात खराखुरा फरकही निसटतो, म्हणून नमुन्याचा आकार, म्हणजे किती रुग्ण लागतील ते, आधी काढून घ्या.

आणखी एक. मराठीत परिकल्पनेलाही बरेच जण गृहीतक म्हणतात, त्याने घोटाळा होतो. 'रुग्ण आपली वेदना खरी सांगतो' हे गृहीतक. ते आपण तपासत नाही, धरून चालतो. तपासायची असते ती परिकल्पना.

आणि उद्या बेत बदलून तुम्ही रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्यात, ऑपरेशननंतरची पहिली रात्र त्यांनी कशी काढली हे त्यांच्याच शब्दांत समजून घ्यायचं ठरवलंत, तर तो गुणात्मक अभ्यास होईल. तिथे आधीच लिहून तपासायचं उत्तर नसतं, म्हणून परिकल्पनेच्या रकान्यात सरळ 'लागू नाही' लिहा.