बाळ मोशेची गोष्ट शिकवताना पिरॅमिड करू नका

प्रश्न : संडे स्कूलमध्ये ८ ते १० वर्षांच्या मुलांना बाळ मोशेची गोष्ट शिकवायची आहे. विषय 'करुणा'. सोबत प्राचीन मिसरी लोकांच्या राहणीवर एखादी कृती घ्या असं सांगितलंय. पिरॅमिडचं मॉडेल चालेल का? आणखी काय करता येईल?

उत्तर :

पिरॅमिड नको. बाकी काहीही करा.

तुम्ही सहज विचारलंत, पण ह्या पिरॅमिडपायी मी एकदा अख्ख्या कमिटीसमोर बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा उत्तर जरा लांबेल. गोष्ट थोडक्यात अशी : मिसरच्या फारोने, म्हणजे राजाने, इब्री (इस्राएली) लोकांचे जन्मलेले मुलगे नदीत टाकायचा हुकूम काढला. एका इब्री आईने आपलं बाळ पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलं, आणि ते फारोच्याच मुलीला सापडलं. तोच मोशे.

ही गोष्ट ज्यात आहे ते बायबलातलं निर्गमाचं पुस्तक उघडून बघा, पिरॅमिड कुठेही नाही. फारोने इब्री लोकांकडून पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधून घेतली आणि कामाचं वर्णन आहे ते चिखलाचं आणि विटांचं. गिझाचा मोठा पिरॅमिड दगडाचा, इ.स.पू. २५६०च्या आसपासचा. मोशेचा काळ बरेच अभ्यासक इ.स.पू. तेराव्या शतकात धरतात. म्हणजे आपल्याला वेरूळचं कैलास लेणं जेवढं जुनं, साधारण तेवढाच जुना मोशेला तो पिरॅमिड. तो बांधणारे इब्री तर नव्हतेच, गुलामही नव्हते. त्या मिसरी मजुरांच्या कबरी १९९० पासून तिथेच, पिरॅमिडच्या शेजारी सापडत आल्यात. गुलामांना राजाच्या शेजारी कोण पुरतं? पण आपल्याकडे फ्लॅनेलच्या बोर्डावर टोपलीतला मोशे चिकटवला, की मागे तीन त्रिकोण आणि एक उंट आलाच. उंटही काढून टाका. त्या काळी मिसरात ओझी वाहायला गाढवं होती.

तर २०११ची गोष्ट. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, मे महिन्यातली व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), माझ्याकडे दुसरी ते चौथीचा वर्ग. विषय हाच, बाळ मोशे आणि करुणा. पहिल्याच दिवशी एका पोराने विचारलं, "टीचर, मिसर म्हणजे शाळेतला इजिप्तच का?" तोच, म्हटलं. मग मी 'मिसरी लोक' म्हणाले आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. घरोघरच्या आज्या मिसरीने दात घासतात ना! पुढची दहा मिनिटं गेली पाण्यात.

दुसऱ्या दिवशी लव्हाळा. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, पेटी लव्हाळ्याची आहे. आमच्या नदीकाठचा लव्हाळा गुडघ्याएवढा, त्यात पेटी लपेल कशी हा पोरांचा रास्त प्रश्न. मिसरातला पपायरस ह्याच लव्हाळ्याच्या कुळातला, पण दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर उरेल एवढा उंच, टोकाला छत्रीसारखा झुबका. त्याचीच होडी, चटई, दोर, चपला आणि त्याचाच लिहायचा कागद. फळ्यावर तो मी माझ्या डोक्याच्या बराच वरपर्यंत काढला, खुर्चीवर चढून. मग पोरांना पटलं.

पपायरस आणणार कुठून? म्हणून बुरडाकडून दोन लहान टोपल्या आणल्या. एकीला बाहेरून डांबर फासलं. एका मुलाचे वडील रस्त्याच्या कामावर होते, त्यांनी डबाभर दिलं. दुसरी तशीच कोरी. चर्चमागच्या सिमेंटच्या हौदात दोन्ही सोडल्या. कोऱ्या टोपलीत आम्ही एका मुलीची बाहुली ठेवली होती. पाणी काड्यांमधून वर आलं, बाहुलीचा फ्रॉक भिजला, आणि मालकिणीने असा गळा काढला की शेजारच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. डांबरवाली टोपली मात्र शेवटची प्रार्थना होईपर्यंत तरंगत होती. मधे एकदा कलंडली, तेव्हा पोरांनीच कडेला चिंध्या कोंबून तोल साधला. त्या बाळाच्या आईने घरात बसून हे सगळं केलं असणार, किती वेळा करून पाहिलं असेल, हे मी एका शब्दाने बोलले नाही. पोरं हौदाच्या काठावर गप्प बसून होती.

मग एक आठ वर्षांची पोर म्हणाली, "राजकन्येला माहीत होतं का ते कुणाचं बाळ आहे?"

मी शास्त्र उघडलं. निर्गम, अध्याय २, वचन ६. पेटी उघडल्या उघडल्या ती म्हणते की हे इब्र्यांचं मूल आहे. कसं ओळखलं ते लिहिलेलं नाही, पण नदीत टाकली जाणारी बाळं कुणाची होती हे तेव्हा सगळ्या मिसराला ठाऊक होतं. हुकूम तिच्या बापाचाच होता.

"म्हणजे पप्पांनी मारायला सांगितलेलं बाळ तिने घरी नेलं?"

"हो."

"पप्पांच्याच घरी?"

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले होते आणि नंतर कैक वर्षं शिकवतही होते. 'पप्पांच्याच घरी' हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्हाला शिकवताना राजकन्या म्हणजे नदीवर आंघोळीला आलेली एक गोड मुलगी, बाळ बघून विरघळली, संपलं. बाळ बघून कोण विरघळत नाही हो? त्याला कळवळा म्हणायचं तर रस्त्यावरचं मांजराचं पिल्लू बघून 'अले ले' म्हणणाराही करुणावंत. ही बाई ओळखते, बापाचा हुकूम तिला ठाऊक आहे, तरी ते मूल घेते आणि वर त्याला दूध पाजायला त्याच्याच आईला पगार देऊन ठेवते. फारोच्या लेकीच्या पैशाने! त्या दिवशी ठरवलं की शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमात हाच प्रसंग बसवायचा, आणि राजकन्या करायची ती प्रश्न विचारणाऱ्या पोरीने.

आता शेंडीचं प्रकरण. मिसरातल्या लहान मुलांचं डोकं भादरलेलं असे आणि उजव्या कानावर केसांची एक वेणी सोडलेली असे. थडग्यांतल्या चित्रांत आणि पुतळ्यांत मूल ओळखायचं ते ह्या बटेवरून. मी जुन्या बनियनच्या टोप्या शिवल्या आणि उजव्या बाजूला काळ्या लोकरीच्या वेण्या टाचल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत काजळ, कारण मिसरात पुरुषही काजळ घालत. पोरं खूश.

पडदा सरकला, आणि पहिल्या रांगेतले आमचे संडे स्कूलचे सुपरिटेंडंट सर उभेच राहिले. "बाई, प्रभूच्या मंदिरात पोरांना शेंड्या?"

मी म्हटलं, "सर, बाजूला आहे ती."

"बाजूला असली म्हणून शेंडी नाही का?"

लोक हसले. पाळकसाहेबांनी माईक हातात घेऊन दोन शब्द समजुतीचे सांगितले, ते वीस मिनिटं चालले. टोप्या निघाल्या. वेळ संपला म्हणून राजकन्येचा प्रसंग झालाच नाही. ती पोर काजळ घालून पडद्यामागे उभी होती, हातात डांबराची टोपली. आणि स्टेजच्या मधोमध, सरांनी स्वतः रंगवलेला चार फुटी थर्माकोलचा पिरॅमिड. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी बैठक. शेंडीचा विषय निघाला, काजळाचा निघाला. मिसरी मजुरांना मजुरी म्हणून भाकरी आणि बिअर मिळायची असं मी वर्गात सांगितलं होतं, तेही कुणाच्या तरी घरून पोचलं होतं. (हे तुम्ही सांगू नका.) पण मला झोंबलं ते शेवटचं. सर म्हणाले, राजकन्या मूर्तिपूजक होती, तिला मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवता येणार नाही. गोष्ट देवाच्या योजनेची आहे, ती फक्त साधन.

मी तेव्हा गप्प बसले. आज बोलते. प्रभू येशूला जेव्हा विचारलं की माझा शेजारी कोण, तेव्हा त्याने दाखल्यात याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) रस्त्याने पुढे जाऊ दिले, आणि जखमीपाशी थांबवला शोमरोनी. तो काय आपल्या मंडळीचा सभासद होता? ऐकणाऱ्यांना ज्यांचा विटाळ, त्यांच्यातलाच माणूस मुद्दाम निवडला. मग फारोच्या लेकीने काय घोडं मारलंय? देवाची योजना आहेच, नाही कोण म्हणतं. पण योजनेतल्या माणसाला पोटात कालवल्याशिवाय का ते बाळ उचललं गेलं? आणि निर्गमाच्या त्या पहिल्या दोन अध्यायांत इब्री बाळांना वाचवणाऱ्या शिप्रा आणि पुवा ह्या सुइणींची नावं नोंदवलीत, फारोचं नाव नाही. पुस्तक कुणाला मोजतं ते तिथेच दिसतं. सर, तुम्ही वाचत असाल तर हे तुम्हालाच लिहितेय.

असो. तुमचा प्रश्न राहिलाच.

विटा करा. आगपेटीच्या बाहेरच्या खोक्याचा साचा, काळी माती, गव्हाचं काड बारीक चिरून. अर्ध्या पोरांना काड द्या, अर्ध्यांना देऊ नका. दोन दिवस उन्हात वाळल्या की बिनकाडाच्या विटांना भेगा पडतात. फारोने काड देणं बंद केलं आणि विटांची संख्या तीच मागितली, हा पाचवा अध्याय मग समजावून सांगावा लागत नाही. मिसरातल्या थेब्जला रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात विटा पाडणाऱ्या मजुरांचं रंगीत चित्र आहे. पाणी आणणारा, चिखल तुडवणारा, साचा उचलणारा, वर काठी घेऊन बसलेला मुकादम. गावातल्या वीटभट्टीवर काम पाहिलेली पोरं ते चित्र बघून लगेच ओळखतात. इब्री बाळाला लपवायची वेळ का आली, हे आधी ह्या विटांतून कळू द्या, मगच टोपली.

टोपलीचा प्रयोग तर कराच. भाकरीचं सांगा, पोरांना फार आवडतं. मिसरी पिठात दगडाची कच आणि वाळू एवढी असे की मोठ्या माणसांचे दात झिजून सपाट होत, ममींमध्ये दिसतं ते. नावाचा खेळही घेता येईल. मिसरी भाषेत 'मेस' म्हणजे जन्मलेला. थुतमोस, रामसेस ह्या नावांत तोच शब्द आहे, आणि मोशेतही तोच असावा असं पुष्कळांना वाटतं. शास्त्रात मात्र राजकन्या म्हणते की मी त्याला पाण्यातून ओढून काढलं म्हणून मोशे. दोन्ही सांगा, पोरं गोंधळत नाहीत, मोठेच गोंधळतात.

'करुणा' हा शब्द मात्र वर्गात टाळा. आठ वर्षांच्या मुलाला तो फळ्यावरचा शब्द वाटतो. पोटात कसं झालं असेल असं विचारा, उत्तरं येतात. आमच्या एका मुलाने सांगितलं होतं, "भूक लागल्यासारखं, पण भूक नाही."

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. डांबर गरम असतं, मुलांच्या हाती देऊ नका, आदल्या दिवशी तुम्हीच लावा. एकाच काडीने सगळ्यांना काजळ घालू नका, डोळे येतात. मी इतिहासाची प्राध्यापक नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मिसरी लेखांत मोशेचं नाव अजून कुठे मिळालेलं नाही. इस्राएलचा सर्वांत जुना उल्लेख फारो मेर्नेप्ताहच्या शिळेवर आहे, इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा. एखादं मोठं पोर मोबाईलवर वाचून आलं आणि विचारलंन, तर खरं तेच सांगा, दटावू नका. आणि सरांबद्दल मी तिखट लिहिलंय खरं, पण त्या दिवशी बाहुलीवालीला नवी बाहुली त्यांनीच आणून दिली होती, तेही इथे लिहिलं पाहिजे.

शेंडी लावायची की नाही हे तुमची मंडळी बघून ठरवा.

आणि पिरॅमिडच करायचा असेल, तर नवा करू नका. थर्माकोलवर २०१८ला बंदी आली, तरी आमचा तो जुना अजून चर्चच्या अडगळीच्या खोलीत आहे. टोक उंदरांनी कुरतडलंय. येऊन घेऊन जा.